रफूवालीचं जंगल

ज्या माणसाचं काम चांगलं झालं की ते दिसतच नाही, त्या माणसावर लक्ष ठेवलेलं बरं, असं माझं जुनं मत आहे. सुताराचं टेबल दिसतं, गवंड्याची भिंत दिसते, न्हाव्याने कापलेले केस आरशात दिसतात आणि बायकोने नाक मुरडलं की जास्तच दिसतात. पण रफूचं काय? कोटाला पडलेलं भोक घेऊन जा, चार दिवसांनी कोट आणायला जा, भोक कुठे होतं ते तुमचं तुम्हालाच सापडणार नाही. तुम्ही खूश होऊन घरी जाता. मी घरी येऊन विचार करतो, की जी बाई एवढं लपवू शकते ती आणखी काय काय लपवत असेल.

आमच्या गल्लीतल्या रफूवालीचं दुकान माझ्या खिडकीसमोरच आहे, त्यामुळे हा विचार करायला मला लांब जावं लागत नाही.

आमचं गाव थंड आणि ओलं. पाऊस इथे पडत नाही, तो इथे राहायलाच आहे. कधी भुरभुरतो, कधी नुसता हवेत लटकून असतो. दाराच्या उंबऱ्यावर शेवाळ, सायकलच्या सीटवर शेवाळ, पाटीवरच्या अक्षरांत शेवाळ. रस्ता संपतो तिथे फाटक आहे आणि फाटकापलीकडे जंगल. झाडं अशी, की शेंडा बघायला मान मोडावी. फांद्याफांद्यांवर हिरव्या गोधड्या वाळत घातल्यासारखं शेवाळ, त्यातून लोंबणारं दाढीसारखं दगडफूल, खाली कमरेएवढे नेचे. अशा गावात प्रत्येकाला लोकरीचा जाड कोट लागतो, आणि कोट आला की काटे आले, खिळे आले, उंदीर आले. म्हणून रफूवालीचं कधी काही अडलं नाही.

हा धंदा तिने तिच्या मावशीकडून उचलला. मावशी कडक. सुई चुकली की बोटावर पट्टी. तिने भाचीला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, भोक बुजवायचं तर धागा त्याच कापडाचा हवा, म्हणजे कोटाची खालची दुमड उसवायची, आतून दोन धागे ओढायचे आणि त्यानेच विणायचं. दुसरी, कोणाच्या खिशातून काय निघालं ते कोणापाशी बोलायचं नाही. कोट टाकताना माणसं खिसे बघत नाहीत. त्यात काय काय निघतं ते मावशीला माहीत होतं आणि ती ते सगळं पोटात घेऊन गेली. "खिशातलं खिशात," एवढंच म्हणायची. आमच्यासारख्यांची केवढी उपासमार झाली त्यात.

भाचीही तशीच निघाली. बुटकी, खांद्यात वाकलेली, दोन सुया कायम ओठांत. त्यामुळे ती मोजकं बोलते. माणूस दुकानात आला की तोंडाकडे बघत नाही, कोटाच्या काठाकडे बघते. मी एकदा म्हटलं, "अगं, मी वर आहे." तर म्हणाली, "तुमचं कोपर गेलंय काका." मी तोपर्यंत कोपर दाराआड ठेवलेलं होतं.

तर ही बाई चाळिशी उलटल्यावर दर आठवड्याला, दुकान बंद असतं त्या दिवशी, जंगलात जायला लागली. जाताना काखेत कागदाची गुंडाळी, येतानाही काखेत गुंडाळी, पण येतानाची जाड. आणि चेहऱ्यावर असं काहीतरी, जे रफू करताना कधी दिसायचं नाही. आता तुम्हीच सांगा.

मला वाटलं तेच तिच्या नवऱ्यालाही वाटलं. नवरा वायरमन. गरीब स्वभावाचा, अंगातला कोट दोन्ही बाजूंनी फाटका, कारण रफूवालीच्या नवऱ्याचा कोट नेहमी शेवटी. तो एका सकाळी माझ्याकडे आला आणि चहा संपला तरी कप हातातच धरून बसला.

"काका, ही कुठे जाते?"

"जंगलात."

"ते मलाही दिसतं. कोणासाठी जाते?"

"तू विचारलंस का?"

"विचारलं. म्हणाली, बघायला. काय बघायला विचारलं तर म्हणाली, तुम्हाला नाही दिसायचं."

"हे वाक्य काही बरं नाही," मी म्हटलं. त्याचा धीर वाढवायला नव्हे.

पुढच्या आठवड्याला आम्ही दोघं तिच्या मागे गेलो. वायरमनला एकट्याला धीर नव्हता आणि मला घरी बसवत नव्हतं. फाटकावर रखवालदाराने आमच्याकडे संशयाने पाहिलं, पण तो सगळ्यांकडेच तसं पाहतो. आत शिरलो. ती पुढे, आम्ही झाडांआडून. एका ओल्या मुळावर माझा पाय सरकला आणि मी पाठीवर आपटलो, ते अशा मऊ जागी, की उठावंसं वाटेना. माझा राखाडी कोट पाठीमागे गच्च हिरवा झाला आणि उरलंसुरलं कोपरही फाटलं.

मान वर करून पाहतो तर रफूवाली एका भल्यामोठ्या झाडाला मिठी मारून उभी. गाल खोडाला टेकलेला. दोन्ही हात पसरलेले.

वायरमन माझ्या कानात म्हणाला, "दुसऱ्या बाजूला कोण आहे?"

आम्ही वळसा घालून पाहिलं. दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं. तिने खोडाला पातळ कागद दाबून धरला होता आणि त्यावरून मेणाचा काळा खडू घासत होती. कागदावर सालीच्या रेघा, भेगा, गाठी उमटत होत्या. तो झाला की दुसरा. मग ती एका आडव्या पडलेल्या बुंध्यापाशी बसली. त्या कुजक्या बुंध्याच्या पाठीवर लहान झाडांची रांग उगवली होती, आजीच्या पाठीवर नातवंडं बसावीत तशी. तिकडे ती बघत राहिली. कशाला हात लावला नाही. नुसती बघत राहिली. आम्हाला थंडी वाजायला लागली तरी ती बघतच होती.

परतताना फाटकाजवळ येऊन वायरमन म्हणाला, "माणूस असता तर समजलं असतं हो काका."

मग काही महिने तिच्या मागच्या खोलीचं दार बंद राहायला लागलं. वायरमनच्या भंगारातली जुनी तांब्याची तार नाहीशी होऊ लागली, तीही नेमकी गंजून हिरवी झालेली. रद्दी नाहीशी होऊ लागली. मी माझा फाटक्या कोपराचा कोट मुद्दाम स्वतः नेऊन दिला आणि बोलताबोलता मागच्या खोलीत डोकावलो.

भिंतीएवढी लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं गोणपाट, आणि त्यावर जंगल. मी चित्र म्हणणार होतो, पण चित्राला हात लावावासा वाटत नाही. याला वाटत होता. खोडं होती ती त्या घासलेल्या कागदांची, फाडून, खळीने एकावर एक चिकटवलेली. गाठी होत्या रद्दीच्या लगद्याच्या. वरून मेण वितळवून सोडलेलं, त्यामुळे साल ओली दिसे. नेच्यांच्या शिरा म्हणजे वायरमनची तार. आणि या सगळ्यावर शेवाळ. लोकरीचं, दाबलेल्या नमद्याचं, धाग्यांच्या भुग्याचं, कुठे गच्च, कुठे विरळ, कुठे लोंबणारं. हिरव्याच्या इतक्या जाती मी कधी एका जागी पाहिल्या नव्हत्या. जुना हिरवा, धुतलेला हिरवा, काळपट, पिवळट, पावसात भिजून उडालेला. वर धुकं होतं आणि धुक्याचा राखाडीही एक नव्हता.

"हे रंगवलंस कशाने?"

"रंगवलं नाही," ती सुयांमधून म्हणाली.

"मग एवढं हिरवं आणलंस कुठून?"

"आहे आपलं घरातलंच."

तिच्या घरात हिरवं म्हणजे एक बादली. मी घरी येऊन बराच वेळ विचार केला.

आता नणंदबाईंचं सांगतो. वायरमनची थोरली बहीण, आमचं वाचनालय तीच चालवते. पुस्तक उशिरा आणलं तर माणसाकडे असं बघते, की पुस्तक वाचल्याचाच पश्चात्ताप व्हावा. भावजयीला तिने आयुष्यात कधी बरं म्हटलं नव्हतं. भावाच्या फाटक्या कोटावरून तर येताजाता टोमणे. ही बाई एके दिवशी मागच्या खोलीत आली, जंगलासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "हे वाचनालयात लावू या."

रफूवालीच्या ओठांतली सुई खाली पडली. मी तेव्हाच वायरमनला म्हटलं, तुझी बहीण आणि कौतुक, यात काहीतरी काळंबेरं आहे. तो म्हणाला, "काका, तुम्हाला चांगलं बघवतच नाही." हे खरं असलं तरी उत्तर नव्हतं.

चित्र दारासमोरच्या मोठ्या भिंतीवर लागलं. नणंदबाईंनी जागा स्वतः दाखवली, इंचभरही इकडेतिकडे करू दिलं नाही. आणि एक गंमत झाली. माणसं वर्तमानपत्र घेऊन त्याच भिंतीसमोर बसायला लागली. निवृत्त पोस्टमास्तर तर दर दुपारी उजव्या कोपऱ्यासमोर खुर्ची ओढून डुलकी घ्यायचा. "काय माहीत," म्हणायचा, "इथे बसलं की घरी बसल्यासारखं वाटतं." त्याच्या बायकोला हे फारसं आवडलं नाही.

पुढे एका सकाळी मी पेपर वाचता वाचता नजर वर केली आणि चित्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी वेगळं दिसलं. तिथल्या खोडाला एक ढोली दाखवलेली आहे, करपट तपकिरी, वर टोकदार. तिच्या खालचं हिरवं आदल्या आठवड्यात एवढं हिरवं नव्हतं. जवळ गेलो, बोट लावलं. गार लागलं. ओलं लागलं. बोट काढलं तर ते दबलेलं हळूच वर आलं.

ते जिवंत होतं.

मी कोणाला काही बोललो नाही. म्हणजे फक्त पोस्टमास्तरला बोललो. संध्याकाळी रखवालदार वाचनालयाच्या दारात उभा होता.

रखवालदाराची ओळख करून द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी बाहेरचे लोक येऊन झाडांचं शेवाळ सोलून पोत्यांनी घेऊन गेले. खोडं उघडीबोडकी झाली. तेव्हापासून नियम झाला, की जंगलातून काही म्हणजे काही बाहेर न्यायचं नाही, आणि शेवाळ नेताना सापडला त्याला फाटक जन्मभर बंद. हा नियम पाळायला ठेवलेला हा माणूस. नाकासमोर चालणारा. फाटकातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उलटी करतो. एकदा स्वतःच्या सासूची केली होती, आणि तिच्या पिशवीत निघालं काय तर त्याच्याचसाठी विणायला घेतलेला स्वेटर. तरी तो ओशाळला नाही.

त्याने कोपरा पाहिला, हात लावला, वास घेतला. मग नणंदबाईंना म्हणाला, "उद्या दुपारी सगळ्यांसमोर विचारू. शेवाळ तिने आणलेलं असेल तर तिला जंगल बंद. आणि हे चित्र मी घेऊन जाणार."

त्या संध्याकाळी मी सहज म्हणून रफूवालीकडे गेलो. वायरमन जिन्यात बसलेला. ती दुकानात एका कोटाची बाही घेऊन बसली होती, पण सुई चालत नव्हती.

"आणलं होतंस का गं?" मी विचारलं. उगाच आडवळणाने कशाला.

"नाही."

"मग उद्या तसं सांगून टाक, मिटलं."

"आलं कुठून विचारतील."

"तुला माहीत आहे?"

तिने बाही उलटी केली, आतली शिवण बघितली, पुन्हा सुलटी केली. "चित्र नेलं तर नेऊ दे काका. दुसरं करीन. पण फाटक बंद केलं तर मी काय बघून करू? भिंत?"

वायरमन जिन्यातून म्हणाला, "अगं, मग माहीत असेल ते सांग ना."

"ते सांगणं माझं काम नाही," ती म्हणाली, आणि दिवा विझवून उठली.

तुम्ही म्हणाल बाई खरी. मी म्हणालो, बाई कोणालातरी पाठीशी घालते आहे. घरी येईपर्यंत मी चार माणसांवर संशय घेऊन टाकला होता, त्यात पोस्टमास्तर दोनदा.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात एवढी माणसं जमली, की पुस्तकांनाही आश्चर्य वाटलं असेल. बाहेर नेहमीचं भुरभुर चाललेलं. सगळे कोट घालून बसलेले, कोटांमधून वाफ निघते आहे, आणि समोर भिंतीवर जंगल. रफूवाली पुढच्या खुर्चीवर, आज ओठांत सुया नाहीत, त्यामुळे तोंड उघडं पडल्यासारखं दिसत होतं.

रखवालदाराने विचारलं, "हे शेवाळ तुम्ही जंगलातून आणलं?"

"मी आणलं नाही."

"मग इथे आलं कसं?"

"ते माहीत आहे. पण सांगणार नाही."

खोलीत कुजबुज उठली. माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. नणंदबाई तर वाटच बघत होत्या. "म्हणजे दुसऱ्या कोणाकडून मागवलंस. सरळ बोल की."

"नाही वन्सं."

"मग आभाळातून पडलं?"

"वन्सं, तुम्ही ही जागा का निवडलीत ते मी तुम्हाला विचारलं होतं का?"

नणंदबाई एकदम पुस्तकं सारखी करायला लागल्या. माझे कान टवकारले, पण तेवढ्यात पोस्टमास्तर उठला. कालपासून त्याच्या अंगात न्यायाधीश शिरला होता. "चित्रात काय काय घातलंय ते एकेक सांगायला लावा," तो म्हणाला. "म्हणजे आपोआप कळेल."

"सांगा," रखवालदार म्हणाला.

"कागद रद्दीचा," ती म्हणाली. "मेण बाजारातलं. तार यांची."

"माझी?" वायरमन म्हणाला. "मी सहा महिने शोधतोय."

"आणि ही लोकर?" रखवालदाराने हात पसरला. "एवढी हिरवी लोकर? ही कोणाची?"

रफूवालीने मान फिरवली आणि आमच्याकडे पाहिलं. तोंडांकडे नाही. काठांकडे. एकेका कोटाच्या दुमडीवरून, बाहीवरून, खिशावरून तिची नजर रांगेने फिरत गेली, सावकाश, जशी ती दुकानात फिरते.

मग मी जे पाहिलं ते जन्मभर विसरणार नाही. त्या खोलीतले सगळे हात एकामागून एक खिशात गेले. आतून चाचपत होते. या बाईने यांचं प्रत्येकाचं अस्तर उसवलेलं, दुमड मोकळी केलेली, खिसा उलटा करून झाडलेला. कोणाच्या खिशात तिला काय सापडलं असेल ते त्या त्या माणसालाच ठाऊक. खाई त्याला खवखवे. पोस्टमास्तर घसा खाकरून म्हणाला, "मी काय म्हणतो, एवढं ताणायचं कारण नाही. चिमूटभर शेवाळ ते. सोडून द्यावं."

"आत्ता तर तुम्हीच म्हणालात," त्याची बायको म्हणाली, आणि त्याच्या कोटाकडे नव्याने बघायला लागली.

एकटा रखवालदार मख्ख. त्याच्या खिशात शिटी आणि किल्ली, याशिवाय आयुष्यात काही गेलेलं नाही. "नियम म्हणजे नियम," तो म्हणाला. "चित्र उतरवा."

वायरमनने पेचकस घेतला. तो स्क्रू काढत होता आणि नणंदबाई म्हणत होत्या, जपून, जपून, नाही उतरवलं तरी चालेल. चौकट खाली आली.

मागे भिंतीवर ओल होती. चादरीएवढी. मधे काळी, कडेला पिवळी, आणि बरोबर डाव्या कोपऱ्यात पाण्याचा ओघळ. वरून चुन्याचे हात मारलेले दिसत होते, आताचे नव्हेत.

सगळ्यांनी नणंदबाईंकडे पाहिलं.

"हे आत्ताच झालेलं दिसतंय," त्या म्हणाल्या.

"ताई," वायरमन म्हणाला. मी त्याला बहिणीसमोर आवाज चढवताना पहिल्यांदा ऐकलं. "तू माझ्या बायकोचं काम ओल झाकायला लावलंस?"

"लावलं तर लावलं. गळकं छप्पर दाखवत बसू का लोकांना? निदान तिचा उपयोग तरी झाला." पण बोलताना त्या भावजयीकडे बघत नव्हत्या.

रखवालदाराने हात वर केला. "ओलीने शेवाळ वाढलं असेल. ओलीने जन्माला येत नाही. या चित्रात आलं कुठून हा प्रश्न आहेच."

चित्र टेबलावर आडवं ठेवलेलं. गर्दी भोवती सरकली. रखवालदाराची बायको मागे कुठेतरी छत्री घेऊन उभी होती, ती पुढे आली आणि त्या कोपऱ्यावर वाकली. ढोलीवर बोट ठेवलं. ढोलीच्या टोकावरून बोट फिरवत खाली आणलं. मग हसायला लागली.

"हसतेस काय?" रखवालदार म्हणाला.

"ही माझी इस्तरी आहे."

"कुठे आहे इस्तरी?"

"ही ढोली हो. हे टोक बघा. तुमचा जुना कोट इस्तरी करत होते, तुम्ही आतून हाका मारायला लागलात की शिटी सापडत नाही, मी इस्तरी तशीच ठेवून आले. अस्तर करपलं. मग तुम्ही अस्तर बदलून आणलंत."

रखवालदार वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "ते अस्तर मी टाकून द्यायला सांगितलं होतं," तो शेवटी म्हणाला.

रफूवालीने मान खाली घातली. आता मला सांगा, हो म्हणणं याहून वेगळं असतं का?

बायकोने नखाने अस्तराची खालची घडी हलकेच उचलली. शिवणीत मातीचा, सालीचा, काटक्यांचा भुगा दाटून बसलेला, आणि तो भुगा फोडून ते हिरवं वर आलेलं. "रोज संध्याकाळी दारात तुमचा कोट झटकते," ती म्हणाली. "अर्धं जंगल पायरीवर पडतं. उरलेलं अस्तरात जातं. लोकांनी काडी नेली की पिशव्या उलट्या करता, आणि स्वतः रोज पसाभर घरी आणता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, एवढंच मी म्हणालो. हळूच म्हणालो, पण खोली शांत होती.

रखवालदाराच्या तोंडाचा रंग गेला. नाकासमोर चालणाऱ्या माणसाचं हे असं असतं, नाक एकदम भिंतीला लागतं. "म्हणजे नियमाने," तो म्हणाला, "फाटक मला बंद व्हायला हवं."

तो थट्टा करत नव्हता हे सगळ्यांना दिसत होतं. किल्ली खिशातून काढून त्याने हातात धरलेली होती, ती कोणाला द्यायची ते त्याला कळत नव्हतं.

तेव्हा रफूवाली उठली. "तुम्ही आणलं नाही. तुम्ही चालत होतात, ते चिकटलं. चिकटणं म्हणजे नेणं नाही." मग अस्तराची उचललेली घडी बसवत म्हणाली, "म्हणून मी सांगत नव्हते."

"आणि बाकीचं?" नणंदबाईंनी विचारलं. "बाकीचं हिरवं कोणाचं?"

"खिशातलं खिशात, वन्सं."

पण माणसं काय ऐकतात. एकेक जण टेबलाशी आला, वाकला, बघितलं. पोस्टमास्तरला उजव्या कोपऱ्यात काहीतरी सापडलं, तो लगेच खिडकीबाहेर बघायला लागला. दुमडीतून भोकासाठी दोन धागे लागतात. तिसरा कधी ओढला गेला आणि कुठे गेला, हा हिशोब मांडायला कोणी धजलं नाही. मी शेवटी गेलो. वरच्या धुक्यात एक राखाडी होता. पावसात भिजून कडेला निळसर पडलेला. मी माझ्या पाठीकडे हात नेला आणि खाली घेतला.

रखवालदाराने निकाल दिला तो असा, की फाटक कोणालाच बंद नाही, पण जे बाहेर आलं ते परत गेलं पाहिजे. रफूवालीने दुसऱ्या सकाळी तो कोपरा एकेक टाका करून उसवला, ते हिरवं अस्तरासकट जंगलात नेलं आणि त्या आडव्या बुंध्यावर ठेवून अस्तर परत आणलं. रखवालदार सोबत होता. मीही होतो, फाटकापर्यंत.

अस्तर पुन्हा बसवलं, तरी हिरवं होतं तिथे चित्राला भोक पडलं. ते बुजवायला तिने कुठलंही हिरवं घेतलं नाही. मावशीचा नियम, धागा त्याच कोटाचा हवा. ती रखवालदाराच्या घरी गेली आणि म्हणाली, "कोट द्या." त्याने अंगातला कोट काढला, दुमड उलटी केली, रफूवाली ती मोकळी करत असताना तिच्या हातांवर डोळा ठेवून उभा राहिला आणि विचारलं, "दोनच ना?" ती म्हणाली, "दोनच." त्याने दोन मोजले. नंतर तो वाचनालयात जाऊन चित्रात दोनच गेले का ते बघायचा प्रयत्न करत होता. मी भिंग घेऊन गेलो होतो. आम्हा दोघांनाही सांधा सापडला नाही.

ती आता दर आठवड्याला जंगलात जाते. फाटकावर रखवालदार तिचे खिसे तपासतो आणि ती त्याचे. वायरमनचा कोट अजून फाटका आहे. नणंदबाईंनी भिंतीला नवा रंग दिला आणि चित्र पुन्हा तिथेच लावलं. छप्पर दुरुस्त केलं असं त्या म्हणतात. मी छपरावर कोणाला चढताना पाहिलेलं नाही, आणि माझी खिडकी तुम्हाला माहीत आहे.

परवा पेपर वाचताना नजर वर गेली. वरच्या कोपऱ्यात, धुक्याच्या त्या निळसर राखाडीत, टाचणीच्या डोक्याएवढं काहीतरी हिरवं दिसलं. खुर्चीवर चढून बोट लावलं. गार होतं.

या वेळी मी पोस्टमास्तरला काही सांगितलेलं नाही.